चौथ्या मजल्यावरचे रक्त

"ताई, माझं रक्त नापास झालं म्हणे."

बेकरीवाल्याने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितले की शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ कूस बदलून ऐकू लागले. ताईंनी सुया-नळ्यांचा ट्रे खाटेच्या कडेला टेकवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मोठ्या सरांनी. 'नापास' असं नाही म्हणाले. म्हणाले, तुमच्या रक्ताच्या तपासणीवरून ऑपरेशनचा फारसा फायदा होईलसं वाटत नाही, सध्या थांबू या. पण ताई, आमचे मास्तर पण असंच बोलायचे. 'याला थोडा थांबवू या.' म्हणजे पुन्हा त्याच वर्गात!"

म्हातारे गृहस्थ हसले. बेकरीवाल्याची बायको हसली नाही. ती स्टुलावर बसून नवऱ्याच्या डाव्या पायावरचे पांघरूण उगाच सारखे करत होती.

त्या पायासाठीच तो वॉर्डात आला होता. दीड महिन्यापूर्वी भट्टीतून काढलेला तापलेला ट्रे त्याच्या पायावर कलंडला, आणि तो तसाच उभा राहून पुढचे पाव मोजत राहिला. जळल्याचा वास आला तेव्हा आधी त्याने भट्टीत वाकून पाहिले. अकरा वर्षे इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात नव्हती, आणि पायांची संवेदना कधी गेली ते त्यालाही सांगता येत नव्हते. जठर लहान करून आतड्याचा मार्ग बदलण्याचे ते ऑपरेशन झाले तर मधुमेह मागे हटेल, निदान आणखी पुढे जाणार नाही, या आशेवर नवरा-बायको दोघे बसले होते.

"वहिनी, जेवलात का?" ताईंनी विचारले.

"जेवण कुठलं जातंय, ताई. आधी म्हणाले होते, यांचं रक्त चांगलं आलंय. दोन महिन्यांत माणसाचं रक्त बदलतं का हो?"

ताईंनी बेकरीवाल्याच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत दोन बोटे ठेवली आणि नजर खिडकीकडे वळवली. शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायची, हे त्यांना पंचवीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या नर्सने शिकवले होते. बेकरीवाल्याची शीर खोल आणि चुकार होती. सुईची चाहूल लागताच ती बाजूला सरकायची. ताई अशा शिरांना मासोळी म्हणत. त्यांनी अंगठ्याने कातडी खाली ताणून धरली आणि सुई आत गेली. एकाच टोचणीत नळी भरू लागली.

"लागली पण कळलं नाही," बेकरीवाला म्हणाला. "पायाचं सोडा, हाताला अजून कळतं हां मला. तुमचाच हात हलका."

ही शाबासकी ताईंना नवीन नव्हती. दवाखान्यात त्यांना सगळे 'रक्तवाल्या ताई' म्हणत. केमोथेरपीने शिरा करपलेल्या बाया, चार दिवसांची बाळे, दोन शिकाऊ डॉक्टरांनी भोसकून ठेवलेले हात, कुठेही अडले की ताईंना बोलावणे यायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एक चिठ्ठीही कुणी लिहिली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

म्हणूनच तीन वर्षांपूर्वी संशोधनाचे काम निघाले तेव्हा डॉक्टरबाईंनी थेट त्यांनाच मागून घेतले होते.

डॉक्टरबाई म्हणजे पस्तिशीतली, भरभर चालणारी, चहा नेहमी थंड करून पिणारी संशोधक. तिचा प्रश्न सोपा होता. हे ऑपरेशन झाल्यावर काहींचे इन्सुलिन महिन्याभरात सुटते आणि काहींचे वर्ष उलटले तरी सुटत नाही. कुणाचे सुटेल हे आधी सांगता येईल का? अन्नाचे शरीरात जे होते त्यातून शेकडो बारीकसारीक पदार्थ रक्तात उतरतात, त्यांचा माग काढणारे एक मोठे यंत्र तिने मिळवले होते. ऑपरेशनआधी उपाशीपोटी रक्त घ्यायचे, त्यातले पदार्थ मोजायचे, आणि वर्षाने रुग्ण कसा आहे ते ताडून पाहायचे. दोनशे बारा रुग्ण झाले. त्यातून चार पदार्थ हाताला लागले. त्या चारांवरून शंभरपैकी एक अंक निघे. अंक चांगला तर रुग्ण सुधारणार, कमी तर नाही. अंदाज इतका बरोबर येत होता की बाहेरगावचे डॉक्टर फोन करून विचारू लागले. पुढच्या महिन्यात मोठ्या परिषदेत तिचे भाषण होते. मोठे सर, म्हणजे तिथले प्रमुख सर्जन, काठावरच्या रुग्णांचा निर्णय घेताना तो अंक विचारात घेऊ लागले होते.

बेकरीवाला काठावरचा होता.

त्या दिवशी सकाळचे काम उरकून ताई डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, त्या बेकरीवाल्या भाऊंचा अंक काय आला?"

"तेवीस." डॉक्टरबाईंनी पडद्यावरून नजर न काढता सांगितले. "वाईट वाटतं, पण काय करणार."

"आणि आधी घेतलं होतं, तेव्हा?"

"आधीचा…" तिने चाळून पाहिले. "एक्काहत्तर. पण तो जुना, ताई. पायाची जखम चिघळली, ऑपरेशन लांबलं, म्हणून परत घ्यायला लागलं. जखमेमुळे रक्त बिघडलं असणार."

"असेल," ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. पण ते त्यांच्या मनातून जाईना. एक्काहत्तरवाले रक्त त्यांनीच घेतले होते, तळमजल्यावरच्या ओपीडीत. तेवीसवालेही त्यांनीच, चौथ्या मजल्यावर. तोच हात, तीच मासोळी.

ताईंच्या नवऱ्याचे काम चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे होते. संध्याकाळी घरी जाताना ताई तिथे थांबत आणि दोघे मिळून चालत घरी जात. त्या दिवशी नवरा एक भिंग उजेडात धरून एक डोळा मिटून बघत होता. ताई पिशवी मांडीवर धरून तशाच बाकावर बसल्या.

"काय झालं?" त्याने डोळा न उघडताच विचारले. "आज कुणाची शीर सापडली नाही का?"

"शीर सापडली हो. दुसरंच काहीतरी सापडत नाहीये."

त्यांनी सगळे सांगितले. नवऱ्याने भिंग फडक्यात गुंडाळून ठेवले.

"खाली घेतलं तेव्हा चांगलं आणि वर घेतलं तेव्हा वाईट. मग खाली आणि वर काय फरक असतो?"

"काय असणार! सुई तीच, नळी तीच, बर्फाचा डबा तोच. खाली लॅब शेजारीच आहे, नळी भरली की लगेच जाते. वर मामा येतात न्यायला…"

आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

मामा म्हणजे वॉर्डातले जुने शिपाई. गुडघे दुखत, निवृत्तीला वर्ष राहिलेले. ते चौथ्या मजल्यावर ठरलेल्या वेळी तीनदाच येत, सगळ्या मजल्यांच्या नळ्या गोळा करत करत खाली उतरत. लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखून ठेवलेली. रक्त नळीत आले म्हणून मरत नाही, हे ताईंना कुणी सांगायला नको होते. त्यातल्या पेशी जिवंतच असतात. त्या साखर खात राहतात आणि नको ते बाहेर टाकत राहतात. म्हणून तर नियम होता की अर्ध्या तासाच्या आत नळी सेंट्रिफ्यूजमध्ये घालायची. लॅबमधले लोक त्या यंत्राला भिंगरी म्हणत. भिंगरीत गरगर फिरले की पेशी तळाशी बसतात, वरचा पिवळा द्रव काढून गोठवला की तो जसाच्या तसा राहतो.

"अगं, काय झालं?" नवऱ्याने विचारले.

"नळ्या थांबत होत्या," ताई म्हणाल्या. "वरच्या नळ्या तास तास थांबत होत्या."

"मग सांग ना तुझ्या डॉक्टरबाईंना. तुझा काय दोष त्यात?"

ताई पिशवी उचलून दाराशी गेल्या. नवऱ्याने दिवा मालवला. "माझ्याकडे एक बरं असतं," कुलूप लावताना तो म्हणाला. "भिंग चुकलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं. डोकं दुखतं म्हणून भांडतं. तुमच्याकडे चुकलं तर माणसाला कळत पण नाही कुणाशी भांडायचं ते."

दुसऱ्या दिवशी ताई तासभर आधी आल्या आणि चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डाची जाड वही घेऊन बसल्या. रक्त घेतले की नर्सला कळावे म्हणून त्या वहीत वेळ टाकायची त्यांची जुनी सवय होती. सात वाजून दहा. सात पंचवीस. सात चाळीस. मग खाली लॅबच्या वहीत त्याच नळ्या भिंगरीत कधी गेल्या ते पाहिले. नऊ पाच. नऊ वीस. एका ठिकाणी दहा वाजून गेले होते. चौथ्या मजल्यावरचे एक्क्याण्णव रुग्ण. सरासरी दोन तास.

आणि संशोधनाच्या प्रत्येक छापील फॉर्मवर एक रकाना होता. 'अर्ध्या तासाच्या आत लॅबमध्ये पोचले: होय / नाही.' दोनशे बाराच्या दोनशे बारा ठिकाणी 'होय'वर खूण होती. खाली सही होती. ताईंची.

ताई त्या दोन्ही वह्या उचलून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या आणि जे दिसले ते सांगितले. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतले, मग मान हलवली.

"ताई, नळ्या थांबल्या असत्या तर फॉर्मवर आलं असतं ना. मी स्वतः तपासलंय. सगळीकडे 'होय' आहे."

आता गप्प राहिले तरी चालले असते. जखमेमुळे रक्त बिघडले, असे समजून सगळे आपापल्या कामाला लागले असते. ताईंनी वह्या टेबलावर ठेवल्या.

"त्या खुणा माझ्याच आहेत, मॅडम. रक्त घेतलं की मी लगेच फॉर्म भरायचे. नळी माझ्या हातातच असायची, खाली पोचली पण नसायची. पोचेल वेळेत, असं धरून चालायचे. पुढे पुढे वेळेत पोचत नाही हे दिसत होतं, तरी 'होय'च करत राहिले."

"का?" डॉक्टरबाईंचा आवाज एकदम लहान झाला.

"'नाही' केलं की नमुना बाद व्हायचा. परत टोचायला लागायचं. वरचे लोक आधीच सुया खाऊन खाऊन पिचलेले असतात. आणि…" त्यांनी वरची वही मिटली. "माझा नमुना कधी बाद झालेला नाही, मॅडम. कधीच."

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकली. चहावर साय धरली होती. "तीन वर्षं, ताई," ती म्हणाली. "तीन वर्षं." मग उठून खिडकीशी गेली. वळली तेव्हा चेहरा ओढलेला होता, पण डोळे कामाला लागले होते. "वरच्या वॉर्डात कोण असतं? जुना आजार, इन्सुलिन जास्त, गुंतागुंत झालेली. म्हणजे जे तसेही उशिरा सुधारणार, नाही तर नाहीच. त्यांच्या नळ्या थांबल्या. आणि मी काय मोजलं? मी आजार नाही मोजला. मी जिने मोजले."

"तसं असेलच असं नाही ना?"

"नाही. जखमेचंही कारण असू शकतं. बघायला पाहिजे."

"मग माझं रक्त घ्या," ताई म्हणाल्या. "मला ना मधुमेह, ना जखम. सहा नळ्या भरा. एक लगेच फिरवा, बाकीच्या ठेवून द्या आणि अर्ध्या अर्ध्या तासाने फिरवा. थांबल्याने काय होतं ते आपोआप दिसेल."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी येऊन ताई रक्त द्यायच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची फार मागे कललेली आहे, पाठीला रुतते, हे त्यांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळले. डॉक्टरबाई सुई घेऊन समोर. पहिली टोचणी चुकली. दुसरीही चुकली.

"कॉलेजनंतर घेतलं नाही हो मी रक्त," डॉक्टरबाई घामाघूम झाली.

"माझ्याकडे बघू नका, बोटाकडे लक्ष द्या. इथे. दाबल्यावर उसळी मारते ना, ती शीर. आता घाबरायचं नाही, तिरकी धरा. हां. अजून थोडी. आली."

नळीत रक्त उतरले तेव्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

मोठ्या यंत्रातून आकडे यायला चार दिवस लागले. डॉक्टरबाई कागद घेऊन स्वतः ओपीडीत आली. चार पदार्थांपैकी तीन पदार्थ नळी थांबेल तसे वाढत गेले होते. लगेच फिरवलेल्या नळीचा अंक ब्याऐंशी होता. अडीच तास थांबलेल्या नळीचा एकोणीस.

"म्हणजे माझं ऑपरेशन झालेलं नाही, मला आजार नाही," ताई म्हणाल्या, "आणि तुमचं यंत्र म्हणतंय, या बाई काही बऱ्या व्हायच्या नाहीत."

"चौथा पदार्थ हलला नाही पण," डॉक्टरबाई म्हणाली. "तेवढा एक जागच्या जागी आहे."

आठवड्याच्या बैठकीत मोठे सर होते, दोन सर्जन, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ. डॉक्टरबाईंनी आग्रह केला म्हणून ताई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सगळे मांडले. परिषदेतले भाषण मागे घेते म्हणाली. तसे म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग म्हणाली, "नमुन्यांच्या वेळेच्या नोंदींमध्ये काही त्रुटी राहिल्या होत्या, त्या आता लक्षात आल्या."

"कुणाच्या नोंदी?" मोठ्या सरांनी विचारले.

"नोंदींची पद्धतच थोडी…"

ताई उभ्या राहिल्या. सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"सर, पद्धत नीट होती. खुणा मी केल्या. खोट्या केल्या. मामांचा दोष नाही, त्यांना तीनदाच यायला सांगितलं होतं आणि ते कधी चुकले नाहीत. मॅडमचा पण नाही. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला."

मोठे सर फार बोलणारे नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खऱ्या वेळा कुठून मिळाल्या?"

"वॉर्डाच्या वहीतून."

"त्या कुणी लिहिल्या होत्या?"

"मीच, सर."

सरांनी दोन्ही वह्या पुढे ओढून चाळल्या. "म्हणजे तुमची चूक तुमच्याच अक्षरात सापडली." ते थांबले. "ताई, मला लेखी पत्र द्यावं लागेल तुम्हाला. नियम आहे."

"द्या, सर. माझ्या फायलीत तेवढंच कमी होतं."

कुणीतरी हसले, आणि मग खुद्द सरांच्याही ओठाची एक कड हलली. ताई मात्र हसल्या नव्हत्या. "एक विनंती आहे," त्या म्हणाल्या. "ते बेकरीवाले भाऊ अजून वरच आहेत. त्यांचं रक्त परत घेऊ द्या. मी स्वतः खाली आणते."

त्या दुपारी ताईंनी बेकरीवाल्याच्या खाटेशी उभे राहून त्याला खरे सांगितले. मागच्या वेळी रक्त थांबले, चूक माझी, परत टोचावे लागेल. त्याची बायको उठून उभी राहिली. ती काय बोलेल याचा ताईंना अंदाज येईना.

"म्हणजे यांचं रक्त नापास नाही?" तिने विचारले.

"अजून माहीत नाही, वहिनी. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊ आणि मगच कळेल."

"ताई, तुम्ही चुकलात म्हणताय, पण आम्हाला इतकं खरं कुणीच सांगितलं नव्हतं," बायको म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बसली. बेकरीवाला म्हणाला, "फेरपरीक्षा! घ्या, घ्या. या वेळी अभ्यास करून बसतो."

सकाळी नळी भरली. ताईंनी ती बर्फात खोचली, डबा छातीशी धरला आणि जिना उतरू लागल्या. बावन्नाव्या वर्षी चार मजले. तिसऱ्या मजल्यावर मामा वर येताना भेटले. "अहो ताई, पडाल! द्या इकडे," ते म्हणाले. "बाजूला व्हा, मामा," एवढेच बोलून ताई त्यांना ओलांडून गेल्या. भिंगरीचे झाकण बंद झाले तेव्हा नळी भरून सहा मिनिटे झाली होती. ताई भिंतीला टेकून दम खात राहिल्या. लॅबमधल्या मुलीने पाणी दिले, ते त्यांनी एका दमात संपवले.

अंक अडुसष्ट आला. जखमेने फारसे काही बिघडवले नव्हते. मोठ्या सरांनी तो कागद पाहिला, मग बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता कुठल्याच अंकावर निर्णय घ्यायचा नाही. माणूस बघू." त्यांनी माणूस पाहिला, जखम भरू दिली आणि महिन्याने ऑपरेशन केले.

पुढचे सगळे सरळ झाले असे नाही. डॉक्टरबाईंबरोबर शिकलेली एक जण त्याच परिषदेत दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलून आली आणि तिचे फोटो आले, त्या दिवशी डॉक्टरबाई जेवायलाही खोलीबाहेर आली नाही. ताईंना पत्र मिळाले. त्यांनी ते घरी नेऊन नवऱ्याला दाखवले. त्याने भिंगातून बघतो तसे एक डोळा मिटून वाचले. "भाषा बरी आहे," तो म्हणाला. दोन-तीन नर्सेस कुजबुजल्या. रक्तवाल्या ताईंनी खोट्या सह्या केल्या, हे तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत पोचायला मामांची गरज पडली नाही. ताई मान वर करून त्या सगळ्या मजल्यांवर काम करत राहिल्या. कुणी समोर विचारले तर "हो, केल्या होत्या" म्हणत आणि पुढे जात.

चौथ्या मजल्यावर, औषधांच्या खोलीत, एक छोटी भिंगरी बसली. काम पहिल्यापासून सुरू झाले. एक्क्याण्णव नमुने टाकून दिले आणि खालचे एकशे एकवीस नवा माग काढण्यापुरते ठेवले; अंदाजाची परीक्षा मात्र नव्या रुग्णांवरच घ्यायची ठरले. त्यांत त्या चौथ्या पदार्थाने दगा दिला नाही, उलट त्याच्या जोडीला आणखी दोन सापडले. आता फॉर्मवर 'होय-नाही'चा रकाना नव्हता. त्याच्या जागी दोन वेळा लिहायच्या होत्या, घेतल्याची आणि फिरवल्याची. तो बदल ताईंनी सुचवला होता. "खूण करायला सोपी असते, मॅडम. वेळ लिहायची म्हटलं की घड्याळाकडे बघायलाच लागतं." पुढच्या तीन वर्षांत कितीदा तरी घड्याळाने ताईंचा नमुना बाद केला. तेवढ्या वेळा त्या परत खाटेशी गेल्या, माफी मागितली, परत टोचले.

बेकरीवाल्याचे इन्सुलिन चौथ्या महिन्यात सुटले. पायाची संवेदना परत आली नाही, ती यायची नव्हतीच. पण तो आता भट्टीपाशी जाड बूट घालून उभा राहतो आणि पूर्वीपेक्षा निम्मा दिसतो. "शेजारी विचारतात, तुझा धाकटा भाऊ आलाय का," असे तो सगळ्यांना सांगतो.

डॉक्टरबाईंचे भाषण झाले ते दवाखान्याच्याच नव्या सभागृहात, बाहेरून आलेल्या दोनशे डॉक्टरांपुढे. ताईंच्या नवऱ्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवले होते. तो इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत ताईंच्या शेजारी बसला. त्याला त्यातले काही कळत नव्हते, पण पडद्यावरचे आलेख तो बारकाईने पाहत होता.

डॉक्टरबाई म्हणाली, आमचा अंदाज दहातल्या सात जणांच्या बाबतीत बरोबर येतो. आधी आम्हाला नऊ वाटत होते. ते नऊ खोटे होते, हे सात खरे आहेत.

मग प्रश्न. पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे राहिले. त्यांचा आवाज ऐकूनच कळत होते की आजवर पुष्कळ लोकांना त्यांनी घाम फोडला असणार. "असे पदार्थ नळी थांबली तरी बदलतात. तुमच्या नळ्या थांबल्या नाहीत, याची खात्री काय?"

डॉक्टरबाईंनी शेवटच्या रांगेकडे पाहिले. "याचं उत्तर मी देण्यापेक्षा, ज्यांनी ही चूक शोधली त्या देतील. त्या मागे बसल्या आहेत."

दोनशे माना वळल्या. नवऱ्याने कोपराने हलकेच ढोसले. ताई उठल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्यापर्यंत आलाच नाही, पण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णाशी बोलण्याची सवय असलेला तो आवाज होता.

"पहिल्या खेपेला थांबल्या होत्या, साहेब. मीच थांबू दिल्या होत्या आणि थांबल्या नाहीत असं लिहिलं होतं. आता प्रत्येक नळीवर दोन वेळा आहेत. वीस मिनिटांच्या वर गेलेली एकही नळी यात नाही. कुठलीही काढून बघा."

पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभेच होते. "नाही," ते म्हणाले, "बघायची गरज नाही." आणि खाली बसले.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा नवरा समोर पडद्याकडेच बघत होता, आणि रुमालाने चष्म्याची दोन्ही भिंगे जोरजोरात पुसत होता. ताईंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"मी वर जाते. तुम्ही जेवून घ्या इथे."

"अगं, थांब की. लोक भेटायला येतील तुला."

"वर एक बाई सकाळपासून उपाशी बसल्यात. लिस्टमध्ये उशिरा नाव आलं त्यांचं."

चौथ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका बसली होती. सभागृहात काय झाले ते तिला ठाऊक नव्हते आणि त्याच्याशी तिला काही घेणेदेणेही नव्हते. भुकेने ती चिडलेली होती. दोन्ही हातांवर आधीच्या टोचण्यांचे निळे डाग होते. तिने ताईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"तुम्ही शिकाऊ तर नाही ना?"

"नाही हो, बाई. जुनी आहे."

"जुन्या पण चुकतात."

"हो," ताई म्हणाल्या, "चुकतात." त्यांनी हात धुतले, नीट कोरडे केले, स्टूल जवळ ओढून बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.